हाफ-लाइफ ३ : अफवा, अर्धी राहिलेली गोष्ट आणि १८ वर्षांची वाट

दीपस्तंभ

(धाग्यात जुन्या भागांची कथा उघड केली आहे. ज्यांना खेळायचं आहे त्यांनी जपून वाचा.)

'हाफ-लाइफ' ही व्हॉल्व्ह कंपनीची नेमबाजीच्या व्हिडिओ गेमची मालिका, गॉर्डन फ्रीमन तिचा नायक. १० ऑक्टोबर २००७ला 'हाफ-लाइफ २ : एपिसोड टू' आला. त्याच्या शेवटी एलाय व्हान्स मरतो. त्याची मुलगी ॲलिक्स त्याच्यावर ओणवी होऊन रडत राहते आणि पडदा काळा होतो. तिथून पुढे गॉर्डन फ्रीमनचं काय झालं ते खेळात कोणी सांगितलेलं नाही. मध्ये २०२० साली 'हाफ-लाइफ : ॲलिक्स' आला, त्याच्या शेवटी दोन-चार मिनिटांची एक झलक मिळाली, तेवढंच. १८ वर्षं उलटून गेली.

दर काही महिन्यांनी बातमी उठते की तिसरा भाग तयार आहे, याच आठवड्यात घोषणा होणार आहे. १२ नोव्हेंबर २०२५ला व्हॉल्व्हने स्टीम मशीन आणि स्टीम फ्रेम ही खेळ खेळायची नवी यंत्रं जाहीर केली तेव्हाही हेच झालं. त्या घोषणेत हाफ-लाइफचं नाव नव्हतं. लोकांनी हा विषय कधीच चेष्टेचा करून टाकलाय. मला इथे ती चेष्टा नकोय. या मालिकेवर माझं मनापासून प्रेम आहे आणि मला तिच्याबद्दल नीट बोलायचं आहे.

अफवा पारखायची माझी एक कसोटी आहे. नवी बातमी आली की मी तारीख बघत नाही. मी विचारतो, या वेळी खेळणाऱ्याच्या हातात नवीन काय येणार? कारण ही मालिका प्रत्येक वेळी त्यावरच पुढे सरकली आहे.

१९९८चा पहिला भाग आठवा. सुरुवातीला बंदूक नाही, शत्रू नाही. तुम्ही एका ट्रामच्या डब्यात उभे आहात आणि ती ब्लॅक मेसा नावाच्या प्रयोगशाळेच्या पोटात उतरत चालली आहे. आतल्या ध्वनिक्षेपकावरून बाई सांगतात, सकाळचे ८ वाजून ४७ मिनिटं झाली आहेत, वर जमिनीवर तापमान ९३ अंश (फॅरनहाइट) आहे. खिडकीतून माणसं कामं करताना दिसतात, एक पहारेकरी बंद दारावर थापा मारत उभा असतो. तुम्ही डब्यात इकडून तिकडे फिरू शकता, एवढीच मोकळीक. पण ती मोकळीक पुढे जवळजवळ अख्ख्या खेळात कोणी काढून घेत नाही. त्या काळच्या खेळांमध्ये गोष्ट सांगायची वेळ आली की मध्येच चित्रपट सुरू व्हायचा आणि आपण हात बांधून बसायचो. इथे गोष्ट आपल्याभोवती घडते आणि आपण तिच्यात उभे असतो.

हा खेळ खरं तर १९९७ मध्येच यायचा होता. व्हॉल्व्ह तेव्हा नवखी कंपनी, गेब न्यूएल आणि माइक हॅरिंग्टन यांनी मायक्रोसॉफ्ट सोडून १९९६ मध्ये काढलेली. खेळ जवळजवळ हाताशी आला आणि त्यांना वाटलं, हा पुरेसा चांगला नाही. मग बरंचसं काम मोडून त्यांनी तो नव्याने बांधला. ही खोड पहिल्या दिवसापासूनची आहे, हे ध्यानात ठेवा. तिसऱ्या भागाचं सगळं रडगाणं तिथेच सुरू होतं.

२००४च्या दुसऱ्या भागात वस्तूंना वजन आलं. फळकुट पाण्यावर तरंगतं, एका बाजूला विटा रचल्या की फळी दुसऱ्या बाजूने उचलली जाते. आणि मग हातात ग्रॅव्हिटी गन येते, जिने समोरची कुठलीही वस्तू ओढता येते आणि भिरकावता येते. ती शिकवतात कशी, तर डॉग नावाच्या यंत्रमानवाबरोबर चेंडू झेलायला लावून! सूचनांची पाटी नाही, धडा नाही.

आता अफवांकडे या. तुम्हाला काय वाटतं, नवीन काय असेल?

---

संध्यारंग

दीपस्तंभ, लेखन आवडलं, पण कसोटी पटली नाही. गोष्ट अर्धी सोडलीय, ती पूर्ण करायला दुसरं कुठलं कारण लागतं? मला नवीन बंदूक नको. मला ॲलिक्सचं पुढे काय झालं ते हवंय.

एपिसोड कशासाठी सुरू केले ते आठवा. दुसऱ्या भागाला सहा वर्षं लागली होती. तेवढं पुन्हा थांबायला नको म्हणून गोष्ट छोट्या तुकड्यांत द्यायचं ठरलं. एपिसोड वन १ जून २००६ला आला, एपिसोड टू १६ महिन्यांनी. तिसरा २००७च्या नाताळापर्यंत येईल असं २००६ मध्ये सांगितलं होतं. मोठं काही शोधून काढायचा भार उतरवायचा, हाच तर त्या रचनेचा हेतू होता. मग तिसऱ्याच तुकड्यापाशी तो भार पुन्हा कोणी चढवला?

आणि थांबण्याची किंमत माणसांत मोजावी लागते. दुसऱ्या भागातल्या खलनायकाला, डॉक्टर ब्रीनला आवाज देणारे रॉबर्ट कल्प २०१० मध्ये गेले. एलायला आवाज देणारे रॉबर्ट गिलॉम २०१७ मध्ये गेले. दुसरा भाग जिथे घडतो त्या सिटी १७ शहराचं ते मोडकळीला आलेलं पूर्व युरोपी रूप ज्यांनी घडवलं ते व्हिक्टर अँटोनोव्ह २०२५ मध्ये गेले. ते सोफियात जन्मले, म्हणून त्या शहरातल्या भिंतींचे पोपडेसुद्धा खरे वाटतात. गोष्ट लिहिणारे मार्क लेडलॉ २०१६ मध्ये कंपनीतून बाहेर पडले. आता तिसरा भाग आला तरी तो याच लोकांचा असेल का?

---

शेवंती

नमस्कार मंडळी. मी यातलं काहीच खेळलेले नाही. धाग्याच्या पहिल्याच ओळींत शेवट कळला, पण वाचून खेळायची इच्छा झाली. कुठून सुरू करू? सगळं क्रमाने खेळायलाच हवं का? मला नेमबाजीचे खेळ फारसे जमत नाहीत.

---

दीपस्तंभ

शेवंती, स्वागत! कंस टाकला होता, तरी शेवट पहिल्याच ओळीत लिहायला नको होता. मनापासून सॉरी.

क्रम असा ठेवा : हाफ-लाइफ, हाफ-लाइफ २, एपिसोड वन, एपिसोड टू, मग ॲलिक्स. ॲलिक्सची कथा दुसऱ्या भागाच्या पाच वर्षं आधी घडते, म्हणून काही जण ती आधी खेळायला सांगतात. तसं अजिबात करू नका. ती शेवटीच खेळायची आहे. का ते खेळल्यावर कळेल. इथे कोणीही ॲलिक्सचा शेवट लिहू नये ही सगळ्यांना विनंती.

नेमबाजीची काळजी करू नका, अवघडपणा कमी करता येतो. त्यात कमीपणा काही नाही.

---

आडवाट

पहिल्या भागाऐवजी 'ब्लॅक मेसा' खेळलात तरी चालेल. चाहत्यांच्या गटाने पहिला भाग नव्या इंजिनावर (खेळ ज्यावर चालतो ते मूळ सॉफ्टवेअर) पुन्हा उभा केलाय. २०१२ मध्ये त्याचा पहिला मोठा टप्पा मोफत दिला आणि ६ मार्च २०२०ला पूर्ण खेळ आला. मूळ खेळात शेवटचं झेन नावाचं परकं जग घाईत उरकल्यासारखं वाटतं. यांनी ते अगदी पायापासून नवीन रचलंय.

---

निशाचर

मूळच खेळावा असं माझं मत. त्यातले सैनिक १९९८चे आहेत, पण आडोशाला बसलात की हातबॉम्ब टाकून बाहेर काढतात, एक जण समोर गुंतवून ठेवतो आणि दुसरा बगलेने येतो. इतकी वर्षं झाली तरी त्यांच्यासमोर माझे तळहात ओले होतात.

---

आडवाट

अफवांबद्दल थोडं तांत्रिक लिहितो, कारण यातली कुठली बातमी कुठून येते ते बहुतेकांना माहीत नसतं. मी गेली काही वर्षं हौस म्हणून व्हॉल्व्हच्या इंजिनावर नकाशे बनवतो, त्यामुळे फायली उघडून बघायची सवय आहे.

व्हॉल्व्हचे अलीकडचे खेळ सोर्स २ या एकाच इंजिनावर चालतात. डोटा २, काउंटर-स्ट्राइक २, डेडलॉक, सगळे. इंजिनाचा गाभा सामाईक आहे. एका खेळासाठी लिहिलेला कोड गाभ्यात गेला की दुसऱ्या खेळाच्या अपडेटमधून त्यातली नावं बाहेर पडतात. एका स्वयंपाकघरातून चार घरांना डबे जात असतील तर एका डब्याला दुसऱ्या भाजीचा वास लागणारच, तसं. ज्यांना आपण डेटामायनर म्हणतो ते हा वास घेत बसतात. त्यातच 'एचएलएक्स' ही अक्षरं पुन्हा पुन्हा सापडली, ते नव्या हाफ-लाइफचं सांकेतिक नाव मानलं जातं. त्याच्या आजूबाजूला वस्तूंचं तापमान, पेटणं, द्रव पदार्थ, पात्रांना आवाज किंवा वास कळणं अशा अर्थाचे शब्द आले. ते व्हीआरसाठी (डोळ्यांवर हेडसेट चढवून खेळायचं आभासी जग) नाही असाही त्यांचा अंदाज आहे.

यातलं खात्रीचं काय? सांकेतिक नाव आहे आणि त्यावर काम होतंय, एवढंच. खेळ बाहेर येईल हे त्यातून सिद्ध होत नाही. काम सुरू होणं आणि खेळ येणं यांत व्हॉल्व्हमध्ये फार मोठी दरी आहे. ॲलिक्सच्या निर्मितीचा जो वृत्तांत २०२० मध्ये प्रसिद्ध झाला त्यात त्यांनी स्वतःच सांगितलंय की २०१३-१४ च्या सुमारास तिसऱ्या भागाचा एक प्रयत्न झाला होता. त्यात काही जागा दर खेळी वेगळ्या रचल्या जाणार होत्या. सोर्स २ तेव्हा पुरतं तयार नव्हतं, ते काम बाजूला पडलं. २०१५ मध्ये कथेतल्या बोरेआलिस जहाजावर घडणारा एक छोटा व्हीआर खेळ लेडलॉ यांनी हाती घेतला होता, तोही राहिला. तेव्हाही आतल्या फायलींमध्ये नावं असणारच.

दीपस्तंभच्या कसोटीवर मात्र हे शब्द मला आशादायक वाटतात. आग लागल्यावर लाकूड जळावं, पत्रा तापावा, बर्फ वितळावा आणि हे सगळं आपल्या हाताने घडवता यावं. दुसऱ्या भागात वस्तूंना वजन मिळालं, आता त्यांना पदार्थ म्हणून स्वभाव मिळेल. हा सरळ पुढचा टप्पा आहे.

---

निशाचर

आडवाटने छान समजावलं. पण या शब्दांवर लोक आठवडाआठवडा व्हिडिओ काढतात आणि हजारो माणसं तारखा मोजत बसतात, त्याचं मला दुःख होतं. २०२४ मध्ये एका आवाज-कलाकाराच्या परिचयपत्रात 'प्रोजेक्ट व्हाइट सँड्स' असं व्हॉल्व्हचं एक काम दिसलं. व्हाइट सँड्स न्यू मेक्सिकोत आहे, ब्लॅक मेसाही कथेत न्यू मेक्सिकोतच आहे, झालं, लगेच दोन्ही जोडलं गेलं. मग २०२४ संपताना जी-मॅनला, म्हणजे कथेतल्या त्या गूढ सूटवाल्या माणसाला आवाज देणारे माइक शॅपिरो यांनी नव्या वर्षात अनपेक्षित काही घडो अशा अर्थाचा छोटा संदेश त्याच आवाजात टाकला, खाली हाफ-लाइफ आणि २०२५ लिहिलं. मीही त्या रात्री जागून तो चार वेळा ऐकला. २०२५ आलं आणि गेलं.

माणसांनी या खेळासाठी काय काय केलंय! फेब्रुवारी २०१२ मध्ये एके दिवशी ठरवून हजारो जण एकाच वेळी हाफ-लाइफ २ खेळले, का तर कंपनीने निदान काहीतरी बोलावं. खेळ द्या असंही त्यांचं म्हणणं नव्हतं, फक्त बोला. तेव्हा उत्तर मिळालं नाही.

---

दीपस्तंभ

ते उत्तर उशिरा का होईना मिळालं, असं मी मानतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये दुसऱ्या भागाला २० वर्षं झाली तेव्हा व्हॉल्व्हने दोन तासांचा माहितीपट काढला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी जरूर बघा. त्यात एपिसोड थ्रीचं खरं चित्रण आहे. बर्फाळ प्रदेश, आणि हातात एक बर्फ फवारणारी बंदूक. समोर बर्फाची भिंत उभी करायची आणि तिच्याआड लपायचं, किंवा बर्फाची वाट करून तिच्यावरून पलीकडे जायचं. शिवाय एक पातळ, गोळ्यासारखा जीव, जो जाळीतून गळून आरपार जातो.

संध्यारंग, तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्याच माहितीपटात आहे. सहा-एक महिने काम झाल्यावर कंपनीच्याच लेफ्ट फोर डेड या खेळाला हात हवे होते म्हणून माणसं तिकडे गेली. परत आल्यावर त्यांना वाटलं, वेळ निघून गेली, आता एपिसोड करण्यापेक्षा नवं इंजिन करावं. काम करणाऱ्यांपैकी काहींनी आता कबूल केलंय की ती चूक होती, तो पूर्ण करता आला असता. आणि न्यूएल म्हणतात की नुसती गोष्ट पुढे नेण्यासाठी खेळ काढणं ही खेळणाऱ्यांशी केलेली पळवाट ठरली असती, आणि एपिसोड थ्री खेळात नवीन काय आणतोय ते त्यांना सापडलं नाही. तो दोष ते स्वतःकडे घेतात.

तो भाग मी दोनदा पाहिला. पहिल्यांदा राग आला. बर्फाची बंदूक तर समोर दिसत होती, तेवढं पुरेसं नव्हतं का? दुसऱ्यांदा पाहिल्यावर वाटलं, हाच माणूस १९९७ मध्ये आपला पहिला खेळ मोडून नव्याने बांधायला तयार झाला होता. तेव्हा तसं झालं नसतं तर आपण आज हा धागा लिहीत नसतो.

---

संध्यारंग

पाहिलाय मी तो. माझा राग गेला नाही. 'नवं सापडलं नाही' हे खेळ बनवणाऱ्याचं कारण झालं. वाचकाला अर्धी कादंबरी देऊन लेखक म्हणाला की मला नवी शैली सापडली नाही, तर आपण ऐकून घेऊ का?

दुसऱ्या भागात चेहरे पाहा. पॉल एकमन यांनी माणसाच्या चेहऱ्याच्या स्नायूंची जी मांडणी केली तिचा आधार घेऊन ते हलवलेत. एलाय मुलीकडे बघतो तेव्हा आधी डोळे हसतात, मग ओठ. २००४ मध्ये! इतकं जिवंत माणूस घडवलंत, तर त्याच्या मरणानंतरची सकाळ दाखवणं तुमच्यावर बंधनकारक आहे.

---

शेवंती

इथे अधूनमधून लिहिते, चालेल ना? पहिला भाग संपवला (मूळचा, निशाचर यांचं ऐकून). शेवटचं झेन खरंच जरा रुक्ष वाटलं, बाकी थक्क झाले.

आता दुसऱ्यात आहे. स्टेशनवर उतरल्या उतरल्या एका पोलिसाने मुद्दाम एक डबा खाली पाडला आणि मला म्हणाला, उचल आणि कचऱ्यात टाक. मी उचलला. क्षणभर थांबले. मग त्याच्या तोंडावर फेकला. तो दंडुका घेऊन मागे लागला आणि मी पळत सुटले. हे राज्य कसं आहे ते मला त्या एका डब्याने सांगितलं. कोणी भाषण दिलं असतं तर इतकं कळलं नसतं.

काल रात्री रेव्हनहोम नावाच्या भयाण गावात होते. करवतीचं पातं ग्रॅव्हिटी गनने सोडलं की पलीकडच्या चौकटीत रुतून बसतं, मग ते पुन्हा ओढून घ्यायचं. गोळ्या संपल्या होत्या, एकाच पात्यावर चार खोल्या पार केल्या. नेमबाजी जमत नाही असं म्हणाले होते ना मी, ते मागे घेते.

---

गवतफुला

शेवंती, डबा मीही फेकला होता. फेकला नाही असा माणूस अजून भेटला नाही.

मी ॲलिक्स खेळलोय, शेवट न सांगता लिहितो, कारण दीपस्तंभच्या कसोटीसाठी तो महत्त्वाचा आहे. २३ मार्च २०२०ला तो आला तेव्हा कित्येक जण चिडले होते. १३ वर्षांनी हाफ-लाइफ आणलात आणि तोही फक्त व्हीआरसाठी, जे बहुतेकांकडे नाही! मलाही तेव्हा तसंच वाटलं. नंतर मित्राचा हेडसेट आठवडाभर घरी आणला.

त्यात जेफ नावाचा एक जीव आहे. त्याला दिसत नाही, फक्त ऐकू येतं. तो ज्या व्होडकाच्या कारखान्यात फिरतो तिथे हवेत असं काही आहे की श्वास घेतला की ॲलिक्सला खोकला येतो. त्यामुळे खराखुरा हात उचलून तोंडावर धरायचा. मग दुसरा एकच हात उरतो. त्या एका हाताने कपाटाचं दार उघडायचं, आणि दार उघडताच आतली काचेची बाटली घरंगळायला लागली. मी तोंडावरचा हात सोडून बाटली झेलली आणि त्याच क्षणी खोकला आला. तो वळला. मी खोलीत खरोखर श्वास धरून उभा होतो, जणू तो माझाही ऐकेल.

पडद्यावर बघत बटणं दाबून हे होणार नाही. व्हॉल्व्हला हात सापडले तेव्हा त्यांनी खेळ काढला. दीपस्तंभ म्हणतो ते मला इथे पटलं.

---

शेवंती

हेडसेटशिवाय ॲलिक्स खेळता येतो असं वाचलं. तसं केलं तर?

---

गवतफुला

चाहत्यांनी तशी सोय केली आहे आणि मेहनतीने केली आहे. पण त्यात वरचा तोंडावरचा हात एक बटण होतो. शक्य असेल तर कोणाकडून दोन-तीन दिवस हेडसेट मागून घ्या.

---

आडवाट

एक प्रश्न सगळ्यांना. लेडलॉ यांनी २५ ऑगस्ट २०१७ला आपल्या संकेतस्थळावर एक पत्र टाकलं होतं. नावं बदललेली, स्त्रीचा पुरुष आणि पुरुषाची स्त्री केलेली, पण मूळ नावं परत जागेवर ठेवली की एपिसोड थ्रीची कथा दिसते. एलायचं दफन, बर्फाळ प्रदेशातला प्रवास, काळात आत-बाहेर होणारं बोरेआलिस जहाज, शेवटी जी-मॅन. ते तुम्ही शेवट म्हणून मानता का? त्यावरून 'प्रोजेक्ट बोरेआलिस' नावाचा खेळ चाहते बनवतायत, त्याचा सुरुवातीचा तुकडा २०२४ मध्ये आलाय.

---

संध्यारंग

मी मानते. लेखकाने लिहिलंय, माझ्यासाठी पुरेसं आहे. ते वाचल्यावर बऱ्याच वर्षांनी मला थोडं मोकळं वाटलं.

---

निशाचर

मी मानत नाही. लेडलॉ यांनी स्वतःही नंतर म्हटलंय की ते टाकायला नको होतं. खेळ होताना कथा शेवटपर्यंत बदलत असते, सहकाऱ्यांच्या हातून. ते एका माणसाच्या मनातलं टिपण आहे. आणि 'ॲलिक्स' या खेळाने त्या पत्राची वाट मोडली आहे, एवढंच सांगतो.

---

शेवंती

एपिसोड टू आत्ता संपवला. दोन वाजलेत. झोप येणार नाही म्हणून लिहिते.

शेवट मला पहिल्या दिवसापासून माहीत होता. एलाय मरणार हे माहीत असूनच मी त्याला पहिल्यांदा भेटले. रॉकेट सोडायच्या आधी तो ॲलिक्सशी बोलतो तेव्हा मी मुद्दाम जवळ जाऊन उभी राहिले. मला वाटलं होतं, कळलेली गोष्ट आहे, फार लागणार नाही.

पण काय झालं सांगू? शेवटी हेलिकॉप्टरच्या हँगरमध्ये ॲडव्हायझर नावाचे ते दोन परके जीव आत येतात आणि मला भिंतीला चिकटवून धरतात. मी सगळी बटणं दाबली. पुढे, मागे, बंदूक, काहीच नाही. फक्त मान वळवता येत होती. पहिल्या भागातल्या त्या ट्रामपासून आजपर्यंत या खेळाने माझे हात क्वचितच धरले होते, दीपस्तंभ म्हणाले होते तसे. आणि आता धरले, तेही नेमके इथे. एलाय माझ्यासमोर होता, दहा पावलांवर, आणि मी फक्त बघू शकत होते. मान वळवून दुसरीकडेही बघता आलं असतं. नाही वळवली.

संध्यारंग, तुमचा राग आता कळतो मला. मलाही पुढची सकाळ हवी आहे.

---

संध्यारंग

शेवंती, मी तो शेवट किती वेळा पाहिला असेन, पण हात बांधले जातात ही गोष्ट अशी कधी मनात आली नव्हती. मी ॲलिक्सकडेच बघत होते. गोष्ट आणि हात वेगळे आहेत असं धरून मी दीपस्तंभशी भांडत होते. आज पुन्हा तो शेवटचा भाग लावून बघते.

पत्र वाचणार का?

---

शेवंती

सकाळी वाचलं. दोनदा. लिहिलंय फार सुंदर, आणि कथा तशीच झाली असती तर मला आवडली असती. पण त्यात मी बोरेआलिसवर गेले असं वाटलं नाही. कोणीतरी जाऊन आलं आणि त्याने मला कळवलं, असं वाटलं. डोळे भरून आले, तरी ते पत्रच आहे.

आधी ॲलिक्स खेळते. बहिणीच्या ऑफिसमधल्या एकाकडे हेडसेट आहे, शनिवारी मिळतोय. तोवर वेळ आहे तर काय करू?

---

दीपस्तंभ

तोवर दुसरा भाग पुन्हा उघडा आणि २०२४च्या अपडेटमध्ये घातलेली निर्मात्यांची टिप्पणी चालू करा. जागोजागी तरंगती चिन्हं दिसतील, त्यांच्याजवळ जाऊन बटण दाबलं की ज्यांनी ती खोली बनवली तेच बोलतात. रेव्हनहोमची जरूर ऐका. आणि एपिसोडसाठी वेगळं काही उतरवायला नको, त्याच अपडेटपासून तेही दुसऱ्या भागातच आहेत.

---

गवतफुला

आणि शनिवारी सुरुवातीला घाई करू नका. पहिल्याच जागी काचेच्या खिडकीपाशी मार्कर ठेवलेले असतात. एक हातात घ्या आणि काचेवर काहीही लिहा. काचेतून पलीकडे सिटी १७ दिसत असतं. मी तिथेच अर्धा तास होतो.